जुनी कौले उतरवण्याआधी

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. राजापूरजवळ आजोबांनी बांधलेले चौपाखी घर आहे, म्हणजे छपराला चार पाखी, चार बाजूंचे उतार, वय साधारण पाऊणशे वर्षे. गेले दोन पावसाळे माजघरात आणि पडवीत गळते आहे. सुतार म्हणतो, सगळी कौले काढून नवी घाला. दुकानदाराने तीन प्रकार दाखवले: साधी मातीची मंगलोरी कौले, चकचकीत झिलईची रंगीत कौले आणि सिमेंटची कौले. भावाचे म्हणणे असे की पत्रे घालावेत आणि कायमचे मोकळे व्हावे. यातले काय घ्यावे?

कणकवली-कुडाळ पट्ट्यात छपरांची कामे करून मला तीस वर्षे होऊन गेली. माझे उत्तर असे की आत्ता काहीच विकत घेऊ नका. सर्वांत आधी तपासायची ती तुमच्या डोक्यावर असलेली कौले. दुकानातल्या तिन्ही प्रकारांपेक्षा ती चांगली असण्याची शक्यता बरीच आहे, आणि गळतीत त्यांचा दोष बहुधा नसतोच.

नीट भाजलेले कौल कुजत नाही, गंजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. पाऊणशे वर्षांत मरते ते लाकूड. रीप, म्हणजे कौले जिच्यावर टेकतात ती आडवी पट्टी, कुजून मध्ये वाकली की तिच्यावरची ओळ खाली बसते, वरच्या आणि खालच्या कौलात फट पडते, आणि झडीचा पाऊस त्या फटीतून आत येतो. खालून पाहणाऱ्याला कौल गळते आहे असे वाटते. म्हणून भर दुपारी माळ्यावर जा, दिवा न लावता पाच मिनिटे बसा, डोळे सरावू द्या. जिथे उजेडाचे ठिपके दिसतील तिथे फुटलेली किंवा सरकलेली कौले आहेत. जिथे उजेडाची आडवी रेघ दिसेल तिथे रीप गेली आहे. वासे आणि रीपा टोकदार लोखंडी खिळ्याने टोचून बघा, विशेषतः भिंतीवर टेकलेली टोके आणि वळचणीकडची बाजू. खिळा लोण्यात शिरावा तसा शिरला तर तो वासा बदलायचा. तुमच्याकडचे वासे ऐन, किंजळ किंवा फणसाचे असले तर बहुतेक टिकले असतील. रीपा पोफळीच्या असल्या तर एव्हाना बदलायला आल्या असतील.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. पूर्वी घरात चूल होती. तिचा धूर दिवसभर माळ्यावर फिरून कौलांच्या फटींतून बाहेर जायचा, लाकूड कोरडे राहायचे, वाळवी आणि भुंगा दूर राहायचे. आता घर वर्षातून दहा महिने बंद आणि उरलेले दोन महिने स्वयंपाक गॅसवर. म्हणून जी लाकडे आजोबांच्या काळी पन्नास वर्षे काही न करता टिकली, ती गेल्या पंधरा वर्षांत झपाट्याने गेलेली दिसतात. लाकडाला वाळवीचे औषध आणि तेल आता आपल्याच हाताने द्यावे लागते, आणि कौले उतरलेली असतात तेव्हाच ते नीट देता येते.

आता एक कौल काढून उलटे करा. मागे कारखान्याचा छाप असेल. मंगळुरात बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेने 1865 साली कौलांचा पहिला कारखाना काढला. नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांकाठची चिकणमाती यंत्रात दाबून केलेली ही खाचेत खाच बसणारी कौले गलबतांतून आपल्या बंदरांत उतरली, म्हणून त्यांना आजही मंगलोरी म्हणतात, मग ती केरळातल्या त्रिशूरची असोत की गुजरातेतल्या मोरबीची. पुढे बरेच कारखाने निघाले आणि प्रत्येकाचा साचा वेगळा होता. वरून सगळी सारखीच लाल दिसतात. खाचेची खोली, कडेच्या ओठाची उंची, रिपेला अडकणाऱ्या पाठीमागच्या दोन खुंट्यांमधले अंतर यांत एक-दोन सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक असतो आणि सगळी गळती त्या एक-दोन सुतांत असते.

हे मी नुकसान सोसून शिकलो. सुरुवातीच्या काळात वेंगुर्ल्याकडच्या एका घरात तीनशेच्या आसपास फुटकी कौले बदलली. दुसऱ्या कारखान्याची नवी कौले जिथे जागा होती तिथे बसवत गेलो. खालून रांगा सुतासारख्या सरळ होत्या, घरमालक खूश. आषाढात वाऱ्यासकट झड सुरू झाली आणि त्या घरात आधी गळत नव्हते तिथेही गळू लागले. भर पावसात वर चढून बघितले तर प्रत्येक नव्या कौलाने शेजारच्या जुन्याची कड तांदळाच्या दाण्याएवढी उचलली होती. त्या कुटुंबाने तो पावसाळा पातेली मांडून काढला. पावसाळा संपल्यावर मी स्वतःच्या खर्चाने सगळी कौले उतरवली, छापाप्रमाणे वेगळी केली आणि एका पाख्यावर एकच छाप असे परत घातले. ते छप्पर पुढे गळले नाही. तेव्हापासून एक पाखे, एक छाप हा नियम मी कधी मोडलेला नाही. तुमच्या छपरावरही मधल्या काळात कोणीतरी वेगळ्या छापाची कौले खुपसलेली असणार. आधी ती शोधा.

तेव्हा पहिले काम कौले निवडण्याचे. उतरवलेले प्रत्येक कौल नारळाच्या काथ्याने किंवा ताठ ब्रशाने घासा, खाचांतले शेवाळ आणि माती काढा. खाच बुजली की पाणी कडेवरून उलटते, हेही गळतीचे एक मोठे कारण. मग कौल एका हातात लोंबते धरून बोटाच्या पेराने वाजवा. चांगले कौल खणखणीत वाजते. बद्द वाजले तर आत तडा आहे, दिसो वा न दिसो. ते पायवाटेला वापरा, छपरावर नको. समुद्राजवळच्या घरांत कौलाच्या पाठीला लोणा, म्हणजे खार, लागून पापुद्रे सुटतात, तशीही बाजूला काढा. माझा अनुभव असा की अशा वयाच्या घरातली निम्म्याहून जास्त कौले परत वापरण्याजोगी निघतात. ती पुरतील तेवढ्या पाख्यांना वापरायची, समोरच्या दोन पाख्यांना म्हणा, आणि मागच्या पाख्यांना सगळी नवी. असे केले की नवे-जुने कुठेही एकमेकांत अडकत नाही, फक्त कोनवाशावर (दोन पाखी मिळतात त्या तिरप्या वाशावर) आणि आढ्यावर (छपराच्या माथ्यावर) भेटतात, आणि तिथे वरून टोपीसारखे कौल येतेच.

नवी घ्यायचीच झाली तर माझी पसंती साध्या, बिनरंगाच्या, मातीच्या मंगलोरी कौलालाच आहे. पण दुकानात ठेवलेला नमुना बघून घेऊ नका. थप्पीतून, मधल्या भागातून आपल्या हाताने दहा कौले काढा. सपाट फरशीवर प्रत्येक पालथे ठेवा. डुगडुगले तर भट्टीत वाकले आहे. दोन-चार कौले एकमेकांत बसवून बघा, जोर न लावता बसली पाहिजेत. रंगावर जाऊ नका. माती बदलली की लाली बदलते. मात्र एकाच थप्पीत काही फिकट नारिंगी आणि काही गडद असतील, तर फिकट असतात ती कमी भाजलेली. वरून लाल रंग मारून चकचकीत केलेली कौले मी घेत नाही, कारण त्या रंगाखाली कमी भाजलेले कौलही लपते आणि जुने, तडकलेलेही. दुकानदार वाईट असतो असे मी म्हणत नाही, त्यालाही माल रंगवूनच आलेला असतो. रंगाखालचे कुणालाच दिसत नाही एवढेच.

मग खरी परीक्षा. दोन कौले घरी आणा, उन्हात पूर्ण वाळवून किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करा. चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा, बाहेर काढून ओल पुसा, परत वजन करा. अडीच किलोचे कौल भिजून दोन किलो नऊशे ग्रॅम भरले, तर त्याने सोळा टक्के पाणी प्यायले. हे चालेल. अठरा टक्क्यांच्या वर गेले तर मी माल परत करतो. मंगलोरी कौलांसाठी आयएस 654 हे भारतीय मानक आहे, त्यात एए आणि ए अशा दोन प्रती आहेत. दुकानदाराला प्रत विचारा, पण वजनाची परीक्षा स्वतः केल्याशिवाय राहू नका. दुसरी परीक्षा याहून सोपी आहे. कौल आडवे ठेवून खाचांच्या दोन्ही टोकांना मळलेल्या कणकेचा बांध घाला, पाणी भरा आणि सहा तासांनी खालून हात फिरवा. ओलसर लागले तर हरकत नाही, मातीचे कौल ओलसर होणारच. थेंब लोंबत असेल तर घेऊ नका.

पाणी पिण्याला मी एवढे महत्त्व का देतो, ते तुमच्याच घराच्या आकड्यांत सांगतो. समजा घर पंचवीस फूट बाय चाळीस फूट आहे आणि वळचण चारी बाजूंनी अडीच फूट बाहेर आली आहे. म्हणजे वरून तीस बाय पंचेचाळीस, 1350 चौरस फूट. तीस अंशांच्या उताराला प्रत्यक्ष पाखी साधारण 1560 चौरस फूट भरतात. शंभर चौरस फुटांना 140 ते 150 कौले लागतात, म्हणजे सव्वादोन हजारांच्या आसपास. अडीच किलोच्या हिशेबाने साडेपाच टन कोरडे वजन झाले. कौले सोळा टक्के पाणी प्यायली की त्यावर जवळजवळ नऊशे किलो चढतात. पंचवीस टक्के पिणारे कमी भाजलेले कौल घेतलेत, तर वाशांवर आणखी पाचशे किलो, तेही सलग चार महिने, आणि रीप सतत ओली. स्वस्त कौलाची किंमत अशी लाकूड भरते.

आता उतार. दुकानात याबद्दल कोणी विचारत नाही, पण कौल चालेल की नाही हे उतारच ठरवतो. एक मीटरची पट्टी पाणसळ लावून वाशाच्या वरच्या टोकाशी आडवी धरा आणि तिच्या मोकळ्या टोकापासून वाशापर्यंत खाली मोजा. अठ्ठावन्न सेंटीमीटर भरले तर तीस अंश. आपल्याकडे तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही आडवा. तीस अंशांच्या खाली मंगलोरी कौल मी घालत नाही, पस्तीस असेल तर उत्तम. तुमची पडवी गळते म्हणता, तिथे बहुधा हाच घोटाळा आहे. मूळ घराचा उतार चांगला असतो, पण पडवी मागाहून जोडताना डोक्याला लागू नये म्हणून तिचा उतार मोडून वीस अंशांवर आणलेला असतो. वरच्या लांबलचक पाख्याचे सगळे पाणी त्याच चपट्या पडवीवर येते. कौले ते पेलू शकत नाहीत, कुठल्याही कंपनीची घाला. अशा पडवीला उतार वाढवता येत असेल तर वाढवा. नसेल येत तर एवढ्या भागापुरता कौलांखाली पत्रा हाच उपाय, आणि इथे भावाचे म्हणणे अर्धे मान्य करावे लागेल.

नुसते पत्रे मात्र घालू नका. मे महिन्यात त्या माजघरात दुपारी बसवणार नाही आणि जुलैत शेजारच्या माणसाशी बोललेले ऐकू येणार नाही. कौल पाणी पिते आणि उन्हात सोडते, फटींतून गरम हवा वर जाते, म्हणून कौलारू घर गार असते. खाली पत्रा आणि वर कौले हा मेळ चांगला आहे, माकडाने कौल फोडले तरी घर भिजत नाही. पण तो नव्वद टक्के ठिकाणी चुकीचा बसवलेला मी पाहतो. आडव्या रीपा थेट पत्र्यावर ठोकल्या की प्रत्येक रीप बांधासारखी पाणी आणि पालापाचोळा अडवते, खिळ्याची भोके कुजतात आणि तीन वर्षांत पत्रा गळू लागतो. आधी आढ्यापासून वळचणीपर्यंत उभ्या पट्ट्या, त्यांच्यावर आडव्या रीपा, असे दोन थर हवेत, म्हणजे खालचे पाणी मोकळे वाहते. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे, खोलगटात नाही. सिमेंटच्या उतरत्या स्लॅबवर कौले लावायची असली तरी हीच पद्धत. सिमेंट-वाळूच्या मालात थापून बसवलेली कौले कधी वाळत नाहीत, त्यांच्यावर शेवाळ वाढते. कौलांखाली प्लास्टिक किंवा ताडपत्री ताणून घालणारेही आहेत. हवा न ठेवता घातली तर वरून पाणी थांबते आणि आत दमट होऊन रीपा सडतात.

झिलईचे कौल पाणी फारच कमी पिते, शेवाळही उशिरा धरते, आणि ज्यांचे घर गर्द झाडाखाली आहे त्यांना मी ते सुचवतोही. तुमच्यासाठी अडचण निराळी आहे. त्याचा साचा त्या एकाच कंपनीचा असतो. पंधरा वर्षांनी दोनशे कौले फुटली आणि तो साचा बंद झालेला असला, तर अख्खे पाखे बदलावे लागेल. गावापासून लांब राहणाऱ्याने सहज मिळणारे कौल घ्यावे. सिमेंटचे कौल जुन्या लाकडावर नकोच, एकेक चार किलोंच्या वर भरते, रंग उन्हाने उडतो आणि खाली उकडते.

नळ्यांबद्दल तुम्ही विचारले नाही, पण तुमचे मागचे गोठ्याचे छप्पर नळ्यांचे आहे असे लिहिले आहे, म्हणून सांगतो. कुंभाराने चाकावर केलेली ती अर्धगोल कौले, एक ओळ उताणी, तिच्यावर एक उपडी. त्यांना खुंटी नसते, स्वतःच्या वजनाने आणि घासून राहतात, म्हणून फार उभ्या पाख्यावर घसरतात आणि दरवर्षी वैशाखात परतावी लागतात. परतणारा माणूस गावात असेल आणि घरात कोणी बारमाही राहत असेल, तर ती ठेवा, मला ती मनापासून आवडतात. नसेल तर मोडू नका, उतरवून सावलीत रचून ठेवा. नळे करणारे कुंभार आता फारच थोडे उरले आहेत, तुमचे नळे कुणाच्या तरी देवळाला किंवा घराला लागतील.

वाऱ्याचा विचार आता केलाच पाहिजे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे आले तेव्हा आणि पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले तेव्हा मी पुष्कळ उडालेली छपरे पाहिली. कौले मधून क्वचितच उडाली होती. उडाली होती वळचणीच्या पहिल्या दोन ओळी, बाजूच्या कडा आणि आढे. तिथून वारा आत शिरला की मग पुढचे सगळे जाते. मंगलोरी कौलाच्या पाठीला तार ओवायला भोक असते, ते शोभेचे नाही. वळचणीच्या दोन ओळी, सगळ्या कडा आणि आढ्याजवळची ओळ तारेने रिपेला बांधून घ्या. तार स्टेनलेस स्टीलची, साधी पाच-सहा पावसाळ्यांत गंजून तुटते. आढ्याची कौले नुसत्या सिमेंटच्या घट्ट मालात बसवली की लाकूड हलल्यावर त्या मालाला तडे जातात, म्हणून मालात चुना घालायला सांगा.

रीपांचे अंतर कौले हातात आल्यावरच ठरवा, आधी कधीच नाही. नेहमीचे माप साडेबारा इंचांच्या आसपास असते म्हणून सुतार डोळे झाकून तेच मारतो. त्यापेक्षा बारा कौले जमिनीवर एका ओळीत एकमेकांत अडकवा, ताणून पहिल्या कौलाच्या खुंटीपासून बाराव्याच्या खुंटीपर्यंत लांबी घ्या, मग दाबून घ्या, दोन्हींची सरासरी काढा आणि अकराने भागा. ते तुमच्या मालाचे खरे अंतर. लोखंडी चौकोनी नळ्यांचा सांगाडा करणार असाल तर हे दुप्पट महत्त्वाचे, कारण लाकडी रीप उखडून सरकवता येते, वेल्डिंग केलेली नाही.

लागतात त्यापेक्षा दहा टक्के कौले जास्त घ्या, एकाच वेळी, एकाच भट्टीची. उरलेली गोठ्यात कडेवर उभी रचा, आडवी थप्पी लावली की खालची तडकतात. माड आणि वानर दोन्ही असलेल्या गावात ती दोनशे कौले म्हणजे पुढच्या वीस वर्षांची बेगमी. त्यात चार-सहा काचेची कौलेही घ्या, त्याच साच्यात बसणारी, माजघराच्या काळोखासाठी.

काम मार्गशीर्षात सुरू केले तर सुतारही मिळेल आणि लाकूड वाळायला वेळही. उतरवणाऱ्यांना पहिल्या दिवशीच सांगा की चारी पाख्यांची कौले अंगणात चार वेगळ्या जागी रचायची, छाप वर करून, आणि दर शंभरांवर खडूने खूण करायची. ती रचून झाली की प्रत्येक छापाचा एक फोटो आणि मोजलेला उतार मला कळवा. किती नवी लागतील आणि ती कुठल्या पाख्यावर घालायची, ते मग आकड्यात सांगता येईल.